सूत आमचे, शास्त्र मात्र परके?

सोलापूर म्हटले की चादर आठवते आणि चादर म्हटले की तिच्यावरील मोरपिसाची नक्षी. परंतु खऱ्या मोरपिसात निळा वा हिरवा रंग मुळी नसतोच, हे कितीजणांना ठाऊक असेल? त्यातील रंगद्रव्य तपकिरी असते. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या ठरावीक अंतराने रचलेल्या असतात आणि त्या रचनेमुळे प्रकाशाच्या निवडक लहरी परावर्तित होऊन रंग दिसतो. किमया द्रव्याची नव्हे, मांडणीची! सूत तेच, पण उभ्या-आडव्या धाग्यांची मांडणी बदलली की वस्त्र बदलते, हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या विणकराला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागू नये.

याच तत्त्वावर ‘मेटामटेरियल’ नावाचे शास्त्र उभे आहे. लहरीच्या लांबीपेक्षा लहान घटक योजनापूर्वक मांडले, तर निसर्गात सहसा न आढळणारे गुण पदार्थात आणता येतात. लहर उलट वळवता येते, शोषता येते, वस्तूला वळसा घालून पुढे नेता येते. रशियाच्या व्हेसेलागो यांनी १९६० च्या दशकात सिद्धांत मांडला, इंग्लंडच्या जॉन पेंड्री यांनी त्याला वाट दाखविली आणि २००६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात तांब्याची एक लहानशी वस्तू सूक्ष्मलहरींपासून बऱ्याच अंशी झाकून दाखविण्यात आली.

मग यात भारत कोठे होता? उत्तर अभिमानाचे आहे आणि लाजेचेही. १८९८ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात तागाच्या तंतूंना पीळ देऊन त्यांतून विद्युत्‌लहरी सोडल्या. पीळ उजवा असेल तर लहरीच्या कंपनाचे प्रतल एका दिशेला फिरे, डावा असेल तर विरुद्ध दिशेला. ताग तोच, फरक केवळ पिळाचा! बोस यांनी मेटामटेरियल शोधले, असा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. पण या शास्त्राचा इतिहास सांगताना जगभरचे अभ्यासक त्या प्रयोगाचा आदराने उल्लेख करतात. आम्ही बोसांच्या तसबिरीला हार घातला आणि त्यांचा धागा मात्र हातातून सोडून दिला.

तो धागा पुन्हा उचलला गेला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयआयटी कानपूरने ‘अनालक्ष्य’ ही प्रणाली सादर केली. प्राध्यापक कुमार वैभव श्रीवास्तव, एस. अनंत रामकृष्ण आणि जे. रामकुमार यांच्या प्रयत्नांतून ती साकारली. रडारच्या लहरी परत न पाठविता शोषून घेणारे हे आवरण चक्क कापडावर आधारलेले आहे. कापडावर! ही वार्ता सर्वप्रथम ज्या शहरात खळबळ उडवायला हवी होती, ते सोलापूर आपल्या चादरीची घडी मोडायला तयार नाही.

हे शास्त्रज्ञांचे काम, मागवाल्यांचे नव्हे, असे कोणी म्हणेल. पण दहा गिगाहर्ट्‌झच्या रडारलहरीची लांबी तीन सेंटिमीटर असते. तिला आवर घालणारी नक्षी काही मिलिमीटरांची पुरते आणि जॅकार्डच्या मागावर तेवढी नक्षी हे रोजचेच काम. उणीव आहे ती विद्युत्‌वाहक धाग्याच्या अभ्यासाची, मोजमापाच्या उपकरणांची आणि त्याहून अधिक इच्छेची. सोलापूरला २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. तेथील प्रयोगशाळा आणि शहरातील यंत्रमाग यांच्यातील अंतर मैलांचे नाही, मनाचे आहे. कारखानदाराने सवलतींपलीकडे पाहू नये, प्राध्यापकाने प्रबंधापलीकडे आणि राज्यकर्त्याने निवडणुकीपलीकडे, असा काही दंडक आहे काय?

परदेशातून आले तेच विज्ञान, हा न्यूनगंड जितका घातक, तितकीच पुराणातल्या अदृश्य होण्याच्या कथा सांगून समाधान मानण्याची वृत्तीही घातक. दोन्हींचा परिणाम एकच : हात रिकामे. पूर्वजांचे पोवाडे गाऊन रडारची लहर शोषली जात नाही.

सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि यंत्रमागावरच्या कामगाराची मुले पुण्याची वाट धरू लागली. त्यांना गावातच थांबवायचे असेल, तर केवळ भावनिक आवाहने पुरणार नाहीत. मागाला नवे काम द्यावे लागेल. बोसांनी दिलेला पीळ सव्वाशे वर्षांनंतरही उलगडलेला नाही. तो पुढे विणायचा, की कोणी परदेशी कंपनी त्याचे कापड करून आणील आणि आपण ते विकत घेऊ, याची वाट पाहायची? सोलापूरने ठरवायचे आहे.