धपाटे कोण थापणार?

आयटीतल्या माणसाची काही स्वप्नं अगदी ठरलेली असतात. आधी ऑनसाइट, मग टू बीएचके, आणि तिशी दिसायला लागली की, "गावाकडं जुनं घर पडून आहे ना आपलं, त्याचा होमस्टे करू!" आमच्या टीममध्ये अकरा जण आहेत, त्यातल्या चौघांचा हा प्लॅन आहे. एकाने तर लोगोसुद्धा बनवून ठेवलाय. (घराचं छप्पर दोन पावसाळ्यांपूर्वी बसलंय, पण लोगो झकास आहे.)

या चौघांत मीपण येतो. आमचं घर मंठ्याला आहे.

मंठा म्हणजे जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जालन्याहून वाटूर फाट्यावरून जिंतूरकडे निघालात की लागतं. रेल्वेने यायचं तर परतूरला उतरायचं. 1948पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आमच्या घराचे जुने कागद उर्दूत आहेत आणि ते वाचू शकणारं घरात आता कोणी नाही. 'वाडा' म्हटल्यावर सिनेमातला वाडा डोळ्यांसमोर आणू नका. दगडी जोतं, मातीच्या हातभर जाड भिंती, दारातून आत शिरलं की ढाळज, मग छोटा चौक, तिन्ही बाजूंनी सोपे, मागे एक अंधारी खोली आणि तिच्या भिंतीतच धान्य साठवायचं बळद. वर माळवद. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असताना आतल्या सोप्यात नुसत्या पंख्यावर झोप लागते. एसीचं बिल भरणाऱ्या माणसाला या गोष्टीचं अप्रूप वाटणारच.

या घरात सध्या एकटी काकू राहते. काका गेले, चुलतभाऊ संभाजीनगरला, आम्ही पुण्यात. घर रस्त्याला लागून आहे, म्हणजे खाली गाळे आणि वर फ्लॅट काढायला उत्तम. तशी विचारणा झालीये आणि या दिवाळीत काय ते ठरवायचंय. मग अर्थातच फॅमिलीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर 'हेरिटेज होमस्टे' हा शब्द आला. आणला कोणी, ते तुम्ही ओळखलंच असेल.

आता पहिला आक्षेप मलाही माहितीये. मंठ्याला कोण येणार मुक्कामाला? पण नकाशा उघडून बघा. तासाभराच्या आत लोणार. बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, आत खारं पाणी, काठाला जुनी देवळं, गावात दैत्यसूदनाचं मंदिर. 2020च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा आख्ख्या जगाने फोटो बघितले आणि त्याच वर्षी ते रामसर यादीत गेलं. दीड तासाच्या टप्प्यात एकीकडे सिंदखेडराजा, म्हणजे जिजाऊंचं जन्मस्थान आणि लखुजी जाधवांचा वाडा. दुसरीकडे जांब समर्थ, रामदासांचं जन्मगाव. समृद्धी महामार्ग 2025च्या जूनमध्ये पूर्ण सुरू झाला, त्यामुळे मुंबईची माणसंही आता जालन्याला उतरून इकडे वळू शकतात. हजारो नाही येणार हो. पण दोन खोल्यांना हजारो लागतात कशाला?

तेव्हा गिऱ्हाईक मिळेल का याची मला काळजी नाही. मला खटकतं ते दुसरंच. आपल्या सगळ्यांच्या प्लॅनमध्ये घर असतं, वेबसाइट असते, ड्रोनने काढलेला व्हिडिओ असतो. त्या घरात राहणारं माणूस मात्र नसतं. त्याच्या जागी एक शब्द असतो, 'केअरटेकर'.

आपल्याकडे या प्रकाराला सरकारने फार छान नाव दिलंय, निवास आणि न्याहारी. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची अशीच 'अतुल्य भारत'वाली योजना आहे, तिची नियमावली सवड मिळाली तर वाचा. (मी डॉक्युमेंटेशन वाचणाऱ्या अल्पसंख्याकांपैकी आहे.) खोल्या एक ते सहा, दर्जे दोन, सुवर्ण आणि रौप्य. आणि एक अट अशी की, मालकाचं कुटुंब त्याच वास्तूत राहत असलं पाहिजे. म्हणजे घर दीडशे वर्षांचं असलं काय आणि दहा वर्षांचं असलं काय, आत घरचं माणूस नसेल तर ते या योजनेत बसतच नाही. मी तर म्हणेन सगळ्या योजनेचा जीव त्या एका ओळीत आहे, बाकी सगळं टॉवेल किती आणि साबण कोणता.

आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. 2007च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन पोरांना घरभाडं परवडेना. गावात डिझाइनवाल्यांची परिषद होती, हॉटेलं भरलेली. त्यांनी स्वतःच्या हॉलमध्ये हवेच्या तीन गाद्या टाकल्या आणि सकाळचा नाश्ता देऊ म्हणून जाहीर केलं. नाव काय ठेवलं? 'एअरबेड अँड ब्रेकफास्ट'. 2009मध्ये त्याचं आखूड होऊन एअरबीएनबी झालं. त्यातला शेवटचा 'बी' न्याहारीचा आहे हे आज किती जणांना आठवतं? कंपनी वाढली तसा नाश्ता गेला, मग घरमालकही गेला. आज अनेक ठिकाणी दाराला नंबरचं कुलूप असतं, त्याचा कोड मेसेजमध्ये येतो आणि यजमानाचं तोंडही दिसत नाही. वाईट आहे असं नाही, सोय आहे ती. पण सोयीसाठी मंठ्यापर्यंत कोण तडफडेल?

पुण्याजवळच्या एका 'वारसा वाड्या'त आम्ही मित्र गेलो होतो. नाव सांगत नाही. पैसे पंचतारांकित, चौकात पितळी घंगाळ ठेवून त्यात गुलाबाच्या पाकळ्या. सकाळी चहाच्या जागी गरम पाण्याचा थर्मास आणि दोऱ्याच्या पुड्या. मी तिथल्या पोराला विचारलं, हा वाडा कोणाचा रे? तो म्हणाला, "सर, मॅनेजमेंटला विचारून सांगतो." बिचारा दोन महिन्यांपूर्वी बाहेरगावाहून आलेला, त्याची काय चूक. पण त्या क्षणी तो वाडा मला फर्निचरसारखा वाटायला लागला. खांब खरे, देवळ्या खऱ्या, पण त्या देवळीत दिवा कोण लावायचं हे सांगायला कोणी नाही.

याच्या उलट सावंतवाडी घ्या. तिथे राजघराण्याचं कुटुंब आजही राजवाड्यात राहतं. गंजिफाची कला मरायला टेकली होती तेव्हा, 1970च्या दशकात, शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवींनी ती पुन्हा उभी केली, आणि राजवाड्यात बसून कारागीर आजही ती गोल पानं रंगवतात. आवारातल्या जुन्या वास्तूत अलीकडे पाहुण्यांसाठी मोजक्या खोल्या केल्यात. गोव्यात लोटलीचं फिगेरेदो घर सोळाव्या शतकाच्या शेवटाकडचं. त्याचा काही भाग संग्रहालय, काही भाग पाहुण्यांना. सासवडजवळचा जाधवगड ही तिसरी तऱ्हा. पिलाजीराव जाधवांची 1710ची गढी, तिचं कामतांनी सरळ हॉटेल केलं. ते हॉटेल आहे आणि स्वतःला हॉटेलच म्हणवतं, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. पण त्याला भांडवल लागतं, माणसं लागतात, शेजारी पुणं लागतं. मंठ्याला यातलं काहीच नाही. मंठ्याला काकू आहे.

तर गेल्या मेमध्ये मी काकूसमोर लॅपटॉप उघडून सगळं प्रेझेंटेशन दिलं. दोन खोल्या, बाहेरून नीट दिसणारं नवं बाथरूम, सकाळी न्याहारीला धपाटे-दही नाहीतर सुशीला, सोबत शेंगदाण्याची चटणी. बुकिंगचं सगळं मी पुण्यातून बघणार. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बरंय की. तू तिकडं बसून बटणं दाबणार, अन् सकाळी सहाला उठून धपाटे कोण थापणार?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्या स्लाइडमध्ये उत्तर नव्हतं आणि तुमच्याही नसणार. 'घरगुती जेवणाची चव', 'आजीच्या हातचं', 'अस्सल पाहुणचार' असं आपण जे लिहितो, त्या प्रत्येक शब्दामागे कोणीतरी बाई चुलीपुढे उभी असते. बहुतेक वेळा साठीची. आयुष्यभर तिने पैपाहुण्यांचं फुकट केलं, आता त्याचंच दरपत्रक लावायचं आणि पैसे मात्र कुटुंबाच्या सामाईक खात्यात? भाच्या-पुतण्यांचा 'पॅशन प्रोजेक्ट' आणि काकूचा ओव्हरटाइम, असा सगळा हिशोब.

म्हणून मी एक्सेल पुन्हा केलं. समजा एका खोलीचे रात्रीला दीड हजार, आणि वर्षातून प्रत्येक खोली साठ रात्री भरली. झाले एक लाख ऐंशी हजार. त्यातून धुण्याभांड्याला बाईचा पगार, चादरी, किराणा, वीज. शिवाय माळवदाची दरवर्षी मृगाच्या आधीची डागडुजी, वर पांढरी माती पसरून चोपून घ्यायची. हे नीट करणारी माणसं गावात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत. भिंतींना सिमेंटचा गिलावा करून टाका असा सल्ला सगळे देतात. तो ऐकू नका. मातीच्या भिंतीतली ओल आतच कोंडते आणि भिंत आतून सुटते. चुना महाग पडतो, पण चुनाच. हे सगळं वजा करून जे उरतं ते गाळ्यांच्या भाड्यासमोर किरकोळ आहे. वाटणीदार चार. चौघांत वाटलं तर प्रत्येकाला एका वीकेंडच्या हॉटेलिंगइतके मिळतील. एकट्या काकूला दिलं तर मात्र तिचं वर्ष सुधारतं.

माझं मत इथे पक्कं झालं. नोंदणी काकूच्या नावाने, बँक खातं काकूचं, दर तिने ठरवायचा आणि 'या आठवड्यात पाहुणे नकोत' म्हणायचा अधिकारही तिचाच. बाथरूमचा आणि छपराचा खर्च आम्ही पोरांनी करायचा, परतफेडीची अपेक्षा न ठेवता. सरकारी सोयीही याच बाजूने आहेत. राज्याच्या 2023च्या 'आई' धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत पर्यटन संचालनालय परत देतं. 2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेंना मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली. पण कर्ज आमच्या नावावर आणि राबणं तिच्या, असलं काही मी मांडू देणार नाही.

आता कडू भाग. काकूनंतर काय? चुलतभाऊ येऊन राहणार नाही. मीही नाही. वर्क फ्रॉम होमच्या काळात आम्ही सगळे 'गावीच राहू कायमचे' म्हणत होतो, ऑफिसचा मेल आला आणि आठवड्यात पुण्यात हजर. ज्या दिवशी त्या घरात राहणारं घरचं कोणी नसेल, त्या दिवशी ते विकावं असं माझं स्पष्ट मत आहे. बाबांना हे आवडलेलं नाही. त्यांच्या मते वडिलोपार्जित घर पोरांनी 'काहीतरी करून' टिकवायचं असतं. पण कुलूप लावून वर्षातून एकदा फोटो काढायला जाणं म्हणजे टिकवणं नाही, आणि पगारी माणूस बसवून पाकळ्या टाकणं तर त्याहून नाही. गाळे झाले तर तिथे निदान चार घरांची पोटं भरतील.

दिवाळीच्या बैठकीत मी हे असंच मांडणार आहे. भांडणं होतील, होऊ देत. काकूचं काय म्हणाल तर तिने अजून हो म्हटलेलं नाही. फोनवर फक्त अटी सांगितल्यात. पाहुणे घरच्यासारखे आले पाहिजेत, रात्री दहानंतर दार उघडणार नाही, देवघरात चप्पल नको, पावसाळ्याचे चार महिने बंद. आणि बाथरूम झालंच तर पहिलं तिच्या खोलीला जोडून करायचं, गुडघे दुखतात, रात्री चौक ओलांडून जाववत नाही. पाहुण्यांचं त्यानंतर बघू म्हणाली.