तुलना कोणी करावयाची?

बीजांडकोशाच्या कर्करोगावर कोणता रासायनिक उपचार श्रेष्ठ, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. घर गहाण टाकून औषध आणणाऱ्या कुटुंबाचाही तो आहे.

पॅक्लिटॅक्सेल हे औषध अमेरिकेतील सरकारी संशोधनातून, म्हणजे जनतेच्या पैशातून पुढे आले. १९९२ साली परवाना मिळाल्यावर ते एका खाजगी कंपनीने महाग विकले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत सिसप्लॅटिनसह हे औषध घेणाऱ्या निम्म्या स्त्रिया ३८ महिन्यांहून अधिक जगल्या. जुन्या जोडीत ही मर्यादा २४ महिन्यांची होती. वाद मिटला असे वाटले.

परंतु २००२ साली ‘आयकॉन ३’ या २,०७४ स्त्रियांवरील युरोपीय चाचणीचा निष्कर्ष आला. कार्बोप्लॅटिनला पॅक्लिटॅक्सेलची जोड दिल्याने आयुष्य लक्षणीय वाढले नाही. एकट्या कार्बोप्लॅटिनपेक्षा केस गळणे व हातापायांची बधिरता मात्र वाढली. रोग उलटल्यावर दुसऱ्या गटातील अनेकींना पॅक्लिटॅक्सेल मिळाले होते, हेही खरे. आजही प्रथम ही जोडीच देतात; पण एकटे कार्बोप्लॅटिन देणे म्हणजे रुग्णेची उपेक्षा नव्हे, असे या चाचणीने सुचविले.

नव्या औषधाला जुन्या, स्वस्त औषधाशी प्रामाणिकपणे झुंजविण्याची उत्सुकता विक्रेत्याला कशी असणार? म्हणून अशी तुलना सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक रुग्णालयांतच झाली पाहिजे. औषधांच्या किमतींविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही मागणीही तितक्याच नेटाने लावून धरावी.