हांकेला ओ देणारा वैद्य

कोणत्याही लहानमोठ्या शहरांतून जातां-येतां ‘चोवीस तास तातडीची सेवा’ अशी पाटी एकदोन इमारतींवर तरी दृष्टीस पडतेच. ती वाचून गृहस्थाचें मन निर्धास्त होतें. पण त्या पाटींत नेमकें कोणतें आश्वासन आहे, याचा विचार आपण क्वचितच करतों. दार चोवीस तास उघडें असतें, दिवे लागलेले असतात, एखादा तरुण डॉक्टर व दोन परिचारिका जाग्या असतात, इतकें खरें. परंतु मध्यरात्रीं डोक्यास मार लागलेला मनुष्य तेथें आणला, तर कवटींत सांचणारें रक्त काढणारा शल्यविशारद त्या इमारतींत असतो काय? बहुधा नसतो. तो आपल्या घरीं निजलेला असतो व त्याला दूरध्वनीनें हांक मारावी लागते. त्या हांकेला ओ मिळणें किंवा न मिळणें यावर रोग्याचें पुढील सारें भवितव्य अवलंबून असतें. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांचें लक्ष त्या हांकेकडे वेधूं इच्छितों.

प्रथम ही व्यवस्था कशी असते तें पाहूं. तातडीच्या विभागांत जो डॉक्टर बसतो, त्याचें काम रोग्याचा श्वास व रक्ताभिसरण सांभाळणें आणि काय झालें आहे याचा प्रथम अदमास घेणें हें होय. हें देखील स्वतंत्र शास्त्र आहे. आपल्या देशांत त्यास वैद्यकाची निराळी शाखा म्हणून २००९ सालीं मान्यता मिळाली. पण हा डॉक्टर मेंदूवर शस्त्रक्रिया करीत नाहीं, हृदयाच्या बंद झालेल्या वाहिनींत फुगा घालीत नाहीं, अडलेल्या बाळंतिणीचें पोट उघडून मूल काढीत नाहीं. त्यासाठीं त्या त्या विषयाचा तज्ज्ञ लागतो, आणि शस्त्रक्रिया म्हटली कीं भूल देणारा डॉक्टरही लागतो. एवढे सगळे तज्ज्ञ रोज रात्रभर जागत बसविणें बहुतेक रुग्णालयांस परवडणारें नाहीं. कारण कित्येक रात्रीं त्यांपैकीं एकाचीही गरज पडत नाहीं. म्हणून पाळ्या लावून ‘आज रात्रीं अमुक विषयाचे अमुक डॉक्टर’ अशी यादी करतात. यालाच ‘ऑन कॉल’ म्हणतात, व तो शब्द आतां आपल्या घरोघरीं रूढ झाला आहे. यांत गैर असें कांहींच नाहीं. प्रश्न एवढाच कीं, ती यादी खरी आहे कीं केवळ भिंतीवर लावण्यापुरती आहे.

संस्कृतांत अशा प्रसंगास ‘आत्ययिक’ असा फार समर्पक शब्द आहे. अत्यय म्हणजे निघून जाणें, नाश पावणें; ज्यांत वेळ निघून गेली कीं नाश ठरलेला, तें आत्ययिक. हा शब्द वैद्यकग्रंथांत आहे, तसाच तो राजनीतींतही आहे. राजानें आत्ययिक कार्य तत्काळ ऐकावें, लांबणीवर टाकूं नये. कारण लांबविलेलें कार्य कष्टसाध्य तरी होतें किंवा असाध्य तरी, असें कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. वैद्यही रोगांचे असेच भेद करीत आले आहेत. आजच्या वैद्यकानें तर या वेळेचें मापच ठरवून दिलें आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनें बंद झाली, तर ती विरघळविण्याचें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि त्याआधीं सीटी स्कॅन काढून रक्तस्राव नाहीं याची खात्री करावी लागते. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यांत रुग्णालयाच्या दारांत आल्यापासून फुग्यानें वाहिनी उघडेपर्यंत ९० मिनिटांहून अधिक वेळ जाऊं नये, असा दंडक आहे. तज्ज्ञाला झोपेंतून उठविणें, त्यानें गाडी काढणें, येणें व हात धुऊन उभें राहणें हें सारें या नव्वद मिनिटांतच बसवावयाचें असतें.

अशा यादीस कायद्याचें बळ देण्याचा ठळक प्रयत्न अमेरिकेंत झाला आहे. तेथें खाजगी रुग्णालयें निर्धन व विमा नसलेल्या रोग्यांस दारांतूनच सरकारी रुग्णालयांकडे लोटूं लागलीं, तेव्हां १९८६ सालीं एक कायदा करण्यांत आला. तातडीच्या विभागांत येणाऱ्या प्रत्येकास तपासावें, प्रकृति धोक्यांत असेल तर ती स्थिर करावी, आणि रोग्याचें हित नसतां त्यास दुसरीकडे धाडूं नये, हे त्याचे मुख्य नियम. पुढें १९८९ च्या दुरुस्तीनें बोलावणें आल्यास येणाऱ्या डॉक्टरांची यादी ठेवणें रुग्णालयांवर बंधनकारक झालें. त्या कायद्यांतील एक तरतूद आम्हांस विशेष मार्मिक वाटते. यादींतील तज्ज्ञ वेळेवर आला नाहीं म्हणून रोग्यास अन्यत्र न्यावें लागलें, तर त्याच्या कागदपत्रांबरोबर त्या न आलेल्या तज्ज्ञाचें नांव व पत्ता पाठवावा लागतो.

या कायद्याची परीक्षा लौकरच झाली. टेक्सासमधील व्हिक्टोरिया गांवीं डिसेंबर १९८६ मध्यें एक आसन्नप्रसवा स्त्री रुग्णालयांत आली. तिचा रक्तदाब २१०/१३० होता. पाळीवर असलेल्या प्रसूतितज्ज्ञानें तिला तेथें ठेवून न घेतां १७० मैलांवरील गॅल्व्हेस्टनच्या रुग्णालयाकडे रवाना करविलें. सुमारें ४० मैल गेल्यावर गाडींतच, सोबतच्या परिचारिकेच्या हातीं, मूल जन्मलें. सुदैवानें मायलेकरें दोन्ही सुखरूप राहिलीं. तथापि डॉक्टरास २०,००० डॉलर दंड झाला, व १९९१ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो कायम केला. शेवट गोड झाला म्हणून कर्तव्याची चुकवाचुकव क्षम्य ठरत नाहीं, असा बोध आम्ही त्यावरून घेतों.

इतकें होऊनही तेथें हा प्रश्न सुटला, असें म्हणतां येत नाहीं. कायदा यादी मागतो, पण तींत कोणत्या विषयाचे किती तज्ज्ञ असावे हें सांगत नाहीं. एका विषयाचे तीन डॉक्टर असले तर त्यांनीं मिळून रोजची रात्र सांभाळलीच पाहिजे, असा एक समज तेथें प्रचलित होता. असा कोणताही नियम नाहीं, असें सरकारनेंच पुढें स्पष्ट केलें. २००३ च्या नियमांनीं तर एकाच तज्ज्ञास एका वेळीं अनेक रुग्णालयांच्या यादींत राहण्याची मोकळीक दिली. मात्र तो येऊं न शकल्यास काय करावयाचें याची लेखी योजना असली पाहिजे. शिवाय तज्ज्ञांची बाजूही ऐकिली पाहिजे. रात्रभर जागलेल्या शल्यविशारदापुढें सकाळीं ठरलेली शस्त्रक्रिया उभी असते. रात्रींचा रोगी त्याला सर्वस्वी अपरिचित, मोबदला मिळेल कीं नाहीं हें अनिश्चित, आणि कांहीं विपरीत घडलें तर दावा मात्र त्याच्यावर. म्हणून कित्येकांनीं यादींतून अंग काढून घेतलें, व केवळ उपलब्ध राहण्याबद्दल त्यांस निराळें मानधन देणें रुग्णालयांस भाग पडलें. दंडाच्या भयानें दार उघडतें. निजलेल्या मनुष्यास रोज उठवावयाचें तर त्याच्या निद्रेचा व श्रमाचा हिशेबही ठेवावा लागतो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९८९ सालीं परमानंद कटारा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, जखमी मनुष्याचे प्राण वांचविणें हें सरकारी व खाजगी प्रत्येक डॉक्टराचें कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्याच्या आड येतां कामा नयेत. १९९६ चा निर्णय आमच्या विषयास अधिक जवळचा आहे. जुलै १९९२ मध्यें बंगालमधील शेतमजूर संघटनेचा एक सभासद आगगाडींतून पडला व त्याच्या डोक्यास गंभीर इजा झाली. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनीं त्यास परत लाविलें. कोठें खाट नव्हती, कोठें त्या उपचाराची सोय नव्हती. अखेर कलकत्त्याच्या खाजगी रुग्णालयांत सुमारें १७,००० रुपये खर्चून उपचार झाले. न्यायालयानें त्यास २५,००० रुपये भरपाई देवविली, आणि जिल्हा व उपविभागाच्या रुग्णालयांत तज्ज्ञांचे उपचार उपलब्ध असावे व कोठें खाट रिकामी आहे हें तत्काळ कळावें अशी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था राज्यांत असावी, असें सांगितलें.

महाराष्ट्रांत धर्मादाय रुग्णालयांस १० टक्के खाटा निर्धनांसाठीं व १० टक्के दुर्बल घटकांसाठीं ठेवाव्या लागतात, आणि तातडीच्या रोग्यास दाखल करून घेणें त्यांवर बंधनकारक आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धांवत आहे. गाडी झाली, दार झालें. उणीव राहते ती ओ देणाराची. ग्रामीण रुग्णालयांत प्रसूतितज्ज्ञ आहे पण भूल देणारा नाहीं, तर शस्त्रक्रिया होत नाहीं, आणि अडलेली बाळंतीण त्याच गाडींतून जिल्ह्याच्या गांवीं धाडली जाते. २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत खाजगी तज्ज्ञांस मानधन देऊन बोलाविण्याची सोय करण्यांत आली. पण ज्या तालुक्यांत असा तज्ज्ञच राहत नाहीं, तेथें बोलावणार कोणास?

आमच्या वाचकांपैकीं अनेक जण रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, यादींत विभागाचें नांव लिहूं नये, मनुष्याचें लिहावें. प्रत्येक नांवाखालीं तो न आल्यास दुसरा कोण, हें लिहावें. हांक किती वाजतां मारली व तज्ज्ञ किती वाजतां पोंचला याची नोंदवही ठेवावी व ती महिन्यास एकदां स्वतः वाचावी. रात्रीं जागलेल्या डॉक्टरास दुसरे दिवशीं विसांवा व योग्य मानधन देण्याचा ठरावही त्याच बैठकींत करावा. गृहस्थांनीं प्रकृति ठीक असतांनाच एकदां चौकशी करून ठेवावी कीं, आपल्या जवळ रात्रीं सीटी स्कॅन कोठें होतें, हृदयाची वाहिनी कोठें उघडतात, मेंदूचा शल्यविशारद कोठें येतो व किती वेळांत येतो. तें कागदावर लिहून दूरध्वनीजवळ लावावें. रोगी गाडींत घातल्यावर ही चौकशी होत नसते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या वर्गांतील घरोघरीं एखादा तरी मुलगा किंवा सून डॉक्टर असते. रात्रीं त्यांचा दूरध्वनि वाजला कीं, ‘दिवसभर राबून आतां कोठें निजला आहे, सकाळीं जाईल’, असें वडील माणसांच्या तोंडून सहज निघतें. तीच वडील माणसें आपल्या छातींत कळ आली कीं, दुसऱ्याच्या मुलानें अर्ध्या तासांत यावें अशी अपेक्षा धरतात. दोन्ही भावना स्वाभाविक आहेत, परंतु दोन्ही एकाच वेळीं पुऱ्या होणें नाहीं. ज्या रात्रीं त्याची पाळी असेल, त्या रात्रीं त्याला उठवून चहाचा पेला हातीं देणें व दार उघडून धरणें, हें घरांतील माणसांचें काम आहे. रोग्याच्या सेवेंत तेवढा वांटा आपल्याही पदरीं येतो.