गाण्याची प्रेरणा आणि कामाचे तास

गाणे कोठून येते, या प्रश्नाला प्रतिष्ठित समाजात एक ठरीव उत्तर आहे. प्रतिभा ही दैवी देणगी. ती लाखांत एखाद्याला लाभते. उरलेल्यांनी ऐकावे आणि माना डोलवाव्यात. सत्कार-समारंभांच्या व्यासपीठांवरून हे उत्तर इतक्या वेळा दिले जाते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. शिवाय ते सोयीचेही आहे. गाणे आकाशातून पडते असे एकदा मानले, की ते कोणाच्या श्रमांतून, कोणत्या खोलीत आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी जन्माला येते, हे विचारण्याचे कारण उरत नाही. महाराष्ट्रातील कष्टकऱ्यांच्या गाण्याचा इतिहास मात्र हेच विचारावयास लावतो. माणसे गाऊ लागतात त्यासाठी त्यांना थोडा वेळ, थोडी जागा आणि ऐकणाऱ्यांची सोबत लागते. या तिन्ही गोष्टी श्रमिकांना कोणी आपणहून दिलेल्या नाहीत. म्हणूनच संगीताच्या प्रेरणेचा विचार कामाच्या तासांच्या विचारापासून वेगळा काढता येत नाही.

जात्यापासून गिरणीपर्यंत

या इतिहासाचा आरंभ जात्यापाशी होतो. पहाटेच्या अंधारात दळावयास बसलेल्या स्त्रीला ओवीने हाताला लय दिली आणि मनाला वाट दिली. गाय प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकात गावोगाव हिंडून या ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. एवढी मोठी काव्यसंपदा ज्यांनी रचली, त्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती आणि कवयित्री म्हणून त्यांचा कोणी सत्कारही केला नाही. या ओव्यांत भाऊ आणि माहेर आहे, पंढरी आहे, सीतेचा वनवास आहे, सासरचा जाच आहे. पुढे बाबासाहेबही आले आहेत. दिवसभरात स्त्रीला स्वतःचे म्हणून जे बोलता येत नव्हते, ते बोलण्याची मुभा जात्याच्या घरघरीने दिली. एकीने ओवी म्हणावी, समोरचीने ती उचलावी, लेकीने ती सासरी न्यावी, अशी ती चालत राहिली. लाखांत एखादीला लाभणारी ती देणगी नव्हती. दळण ज्यांच्या वाट्याला आले, त्या साऱ्या त्या गाण्याच्या वारसदार होत्या.

येथे एक गफलत टाळली पाहिजे. ओवी सुंदर आहे म्हणून जाते सुंदर होते, असे म्हणणे हा कष्टांचा उपमर्द आहे. पिठाची गिरणी आली आणि पहाटेची ओवी ओसरली, याबद्दल हळहळणारे बहुधा स्वतः कधी दळावयास बसलेले नसतात. दळणातून सुटका ही स्त्रीच्या मुक्तीची एक पायरी होती. खरा सवाल त्यापुढचा आहे. यंत्राने जो वेळ वाचविला तो त्या स्त्रीच्या हाती आला काय? तो वेळ पाणी, सरपण आणि दुसऱ्याच्या शेतातील मजुरी यांत गेला. जुन्या गाण्याचा आधार गेला आणि नव्या गाण्याला लागणारी उसंत मात्र मिळाली नाही, ही त्यातली खरी हानी होय.

कोकणातून व घाटावरून मुंबईच्या कापडगिरण्यांत आलेल्या पुरुषांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच उघडपणे उभा राहिला. मागाच्या खात्यातील खडखडाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. तेथे गाणार कोण? जात्यावर काम आणि गाणे एकत्र नांदत होते. गिरणीने त्यांची फारकत केली. गाणे कामाच्या बाहेर गेले आणि साहजिकच ते सुट्टीच्या वेळेवर अवलंबून राहिले. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि तिच्या झगड्यामुळे १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला साठ तासांची, १९३४ च्या कायद्याने चोपन्न तासांची आणि १९४६ च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. कामगार चळवळीच्या इतिहासात या तारखा नोंदल्या जातात. मराठी संगीताच्या इतिहासात त्या सापडत नाहीत. वास्तविक तेथेही त्यांना स्थान हवे.

कारण या मिळविलेल्या तासांतच गिरणगावचे गाणे उभे राहिले. एकेका गावाची म्हणून चाळीत एक खोली असे. तेथे पाळीपाळीने झोपणारी माणसे सुट्टीच्या दिवशी टाळ-मृदंग काढीत. कोकणच्या माणसाने नमन आणि शक्ती-तुरा आणला, घाटावरच्याने भजन आणि तमाशा आणला. गणपतीत, शिमग्यात, गोकुळाष्टमीत चाळीच्या पटांगणात ही गाणी एकमेकांच्या कानांवर पडली. गावी एका वस्तीच्या चाली दुसऱ्या वस्तीत सहसा जात नसत. जातीच्या भिंती मुंबईतही होत्याच, परंतु एका जिन्याने चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांना एकमेकांच्या गाण्यापासून दूर ठेवणे त्या भिंतींना जमले नाही.

शाहिरांची जडणघडण

अण्णाभाऊ साठे या मुलखाचे सर्वांत मोठे अपत्य. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला मातंग कुटुंबात जन्मलेला हा मुलगा वडिलांबरोबर पायी मुंबईस आला. शाळा त्याला जवळजवळ लाभलीच नाही. तरीही त्याच्यावरील संस्कारांची यादी लहान नाही. नात्यातल्या माणसाच्या तमाशाच्या फडात त्याने ढोलकी आणि गण-गौळण आत्मसात केली. मुंबईच्या कामगार वस्त्यांत लाल बावट्याच्या सभा ऐकल्या. दुसऱ्या महायुद्धात स्तालिनग्राडची लढाई गिरणगावात वाचली व चर्चिली जात होती, म्हणूनच वाळवा तालुक्यातील तरुण तिच्यावर पोवाडा रचू शकला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. काँग्रेस सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा अण्णाभाऊंनी तमाशातील गण-गौळण बाजूला ठेवून त्याच ढंगातून लोकनाट्य उभे केले.

प्रभाव म्हणजे केवळ अनुकरण नव्हे, हेही अण्णाभाऊंवरून समजते. याच वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. ब्राह्मण घरात जन्मूनही ते तमाशात गेले आणि त्यांनी मुंबईच्या वैभवावर लावणी रचली. अण्णाभाऊंनीही मुंबईची लावणी लिहिली. मात्र तिच्यात माडीबरोबर झोपडी आली आणि एकाच शहरातील दोन शहरे समोरासमोर उभी राहिली. जुन्या शाहिराकडून त्यांनी रचना घेतली आणि त्याच्याशी वाद घातला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड रचली. पोटासाठी मुंबईस आलेल्या मजुराला गावी राहिलेल्या बायकोची आठवण येणे, हा गिरणगावातील घरोघरचा अनुभव. त्याच विरहातून अण्णाभाऊंनी बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्राबाहेर राहिल्याचे दुःख बोलविले. व्यक्तीच्या दुःखाला समाजाच्या दुःखाशी जोडण्याची ही शक्ती ज्या श्रोत्यांमुळे त्यांना मिळाली, त्यांनाही गाव सुटल्याची तीच कळ ठाऊक होती.

बार्शीच्या अमर शेखांना गाण्याचे बाळकडू आईच्या ओव्यांतून मिळाले आणि आवाजाला दिशा कामगारांच्या लढ्यातून मिळाली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईस आले तेव्हा त्यांना वाचता येत नव्हते. कष्टाची कामे करीत प्रौढ वयात ते चाळीत अक्षरे शिकले आणि आंबेडकरी चळवळीसाठी हजारो गीते रचीत महाराष्ट्रभर गात हिंडले. त्यांच्यापूर्वी भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि त्याही आधी सत्यशोधक जलशांनी ही वाट पाडून ठेवली होती. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवरायांवर पोवाडा लिहिला, तो ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हते त्यांच्यासाठीच.

यावर एक आक्षेप येतो. हजारो माणसे त्याच चाळींत राहिली, त्याच सभांना गेली. अण्णाभाऊ एकच का झाले? व्यक्तीच्या प्रतिभेचे वेगळेपण नाकारण्याचे समाजवाद्यांना कारण नाही. परंतु जिला वेळ, जागा आणि श्रोते मिळाले नाहीत, अशा प्रतिभेची नोंदच होत नाही. त्यामुळे अशा किती प्रतिभा विझल्या ते कळत नाही. अभिजात संगीताकडे पाहिले तरी हेच दिसते. अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांच्या गायनामुळे मिरजेचे नाव दूरवर गेले. त्याच मिरजेत एकेकाळी शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगारांच्या वंशजांनी भोपळा कोरून तंबोरे घडविले, तेव्हा मैफलीला सूर मिळाला. दरबारी गवयाला रियाजासाठी लागणारा वेळ संस्थानाच्या खजिन्यातून मिळे, म्हणजे शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यातूनच मिळे. अभिजात गाण्यालाही उसंत लागली. फरक एवढाच की तिची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरली.

चळवळीचे देणे

येथे डाव्या आणि समाजवादी चळवळींनी आपल्याकडेही पाहणे प्राप्त आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने आणि लाल बावट्याच्या शाहिरांनी चळवळ घरोघर पोहोचविली, हे सर्वजण अभिमानाने सांगतात. परंतु अनेक सभांतून शाहिराची जागा पुढारी येईपर्यंत गर्दी धरून ठेवण्यापुरतीच होती. धोरण ठरविणाऱ्या समित्यांत त्याला क्वचितच बसविले गेले. संयुक्त महाराष्ट्रासाठी गळा झिजविणारे अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी दारिद्र्यात वारले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला अमर शेखही गेले. अण्णाभाऊंच्या नावे आज महामंडळ आहे, पुतळे आहेत, जयंत्या होतात. जिवंत शाहिराला मात्र तुटपुंज्या मानधनासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. गाण्याला साधन मानणाऱ्या चळवळीला गाणे फार दिवस साथ देत नाही, हा धडा अद्याप नीट घेतलेला नाही.

दरम्यान गाण्याखालची जमीनच काढून घेतली गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला; तो चिरडला गेला आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक-तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या व सार्वजनिक जागांसाठी आणि एक-तृतीयांश म्हाडाला घरांसाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतेच उरले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. मैदाने व्हावयाची तेथे मॉल आणि मनोरे आले. परळचे १९२२ पासूनचे दामोदर नाट्यगृह, जेथे कोकणातील मंडळांची नमने आणि शक्ती-तुऱ्याचे सामने रंगत, ते २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा लोककलावंतांना आंदोलन करावे लागले. ज्या गावकरी खोल्यांतून भजने उठत, त्यांच्या जागी लिफ्टच्या इमारती आल्या. तेथे मृदंगाचा आवाज ही तक्रारीची बाब ठरते.

जागेमागोमाग वेळेचीही पाळी आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, जादा कामाचा मोबदला मिळेल, असे सांगितले जाते. कंत्राटी कामगाराच्या संमतीला कितपत अर्थ असतो, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर उभे राहिले तरी समजते. बारा तास यंत्रापाशी आणि दोन-तीन तास प्रवासात गेल्यावर ज्याला केवळ झोप हवी असते, त्याने गाणे रचावे कधी? त्याच्या हाती मोबाइल आहे आणि त्यात जगातील सर्व संगीत आहे, असे उत्तर दिले जाते. ऐकण्याची सोय वाढली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु श्रमिकाने केवळ ऐकणारा ग्राहक राहावे, रचणारा होऊ नये, हीच बाजाराची इच्छा असते.

तरीही माणसे गात आहेत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत जन्मलेले रॅप धारावीतील तरुणांनी उचलले आणि गटारे, पोलीस आणि बेकारी यांवर आपल्या बोलीत रचना केल्या. स्तालिनग्राडवर पोवाडा रचणाऱ्या अण्णाभाऊंना हे परके वाटले नसते. दूरच्या पीडितांचा आवाज जवळचा वाटणे, ही श्रमिकांच्या गाण्याची जुनीच रीत आहे. प्रेरणेचा झरा आटलेला नाही. त्याच्यावर शहराची इमारत चढविली जात आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कामाच्या दिवसाची लांबी वाढविणारा निर्णय मागे घेतला जावा. प्रत्येक पुनर्विकास योजनेत रहिवाशांच्या मंडळांना तालमीची जागा हक्काने मिळावी. दामोदरसारखी नाट्यगृहे पूर्वीच्या आकारात आणि परवडणाऱ्या भाड्यात पुन्हा उभी राहावीत. वृद्ध लोककलावंतांचे मानधन ही सरकारी कृपा न राहता कायद्याने मिळणारा हक्क व्हावा. आणि कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकांत कलापथकासाठी वेळ व जागा मागण्यास संकोचू नये. लोखंड्यांनी रविवार मागितला तेव्हाही ती चैन आहे असे म्हणणारे गिरणीमालक होते. तो रविवार मिळाला, म्हणून गिरणगाव गाऊ शकले.