पापणी पडते, मेंदू जागा असतो

पावसाळा लागला की मोलगीच्या आसपासच्या पाड्यांवरून पहाटे पहाटे एक रुग्ण येतो. पोटात कळ, एक-दोन उलट्या, घसा दाटल्यासारखा. रात्री घरात जमिनीवर झोपला होता. अंगावर कुठे सूज नाही, शोधूनही दाताची खूण सापडत नाही. बांबूच्या झोळीतून चौघांनी टेकडी उतरवून आणलेला हा माणूस आम्लपित्ताची गोळी घेऊन परत जाऊ शकतो. त्याला डोके न हलवता वर बघायला सांगितले, तर पापणी अर्ध्यावरच अडकलेली दिसते. चावलेली असते ती मण्यार.

या अंकाचे संपादकीय आम्ही त्या पापणीवर लिहीत आहोत. चेतासंस्थेची रचना आणि कार्य हा विषय आपण पहिल्या वर्षी परीक्षेपुरता वाचतो. सातपुड्यात तोच विषय रुग्णाच्या उशाशी येऊन उभा राहतो.

चेतातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. संदेश आला की त्या फुटतात, रसायन पलीकडच्या स्नायूवरील ग्राहीला चिकटते आणि स्नायू आकसतो. नागाचे विष प्रामुख्याने पलीकडच्या बाजूला, ग्राहीवर जाऊन बसते. मण्यारीचा मुख्य मारा अलीकडच्या बाजूला असतो. पिशव्या रिकाम्या होतात आणि पुढे तंतूचे टोकच नष्ट होते. तैवानमधल्या मण्यारीच्या विषातून चँग आणि ली यांनी १९६३ साली अल्फा आणि बीटा बंगारोटॉक्सिन वेगळे केले, तेव्हापासून या दोन्ही वाटा स्वच्छ दिसू लागल्या.

हा फरक उपचारालाही लागू होतो. निओस्टिग्मिन अ‍ॅसिटिलकोलिनला अधिक वेळ टिकवते. म्हणून अ‍ॅट्रोपिनच्या जोडीने दिल्यावर नागदंशात पापणी उचललेली दिसू शकते. मण्यारीच्या दंशात टिकवायला रसायनच उरलेले नसते, त्यामुळे चाचणीला प्रतिसाद नसेल तर त्याच सुया देत बसण्यात अर्थ नाही. प्रतिविषाचेही तसेच. रक्तात फिरणारे विष ते बांधते. तुटलेले टोक ते जोडत नाही. म्हणून लक्षण दिसताच पहिल्या १० कुप्या गेल्या पाहिजेत. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेले नसते. एकूण २० कुप्यांनंतर लकवा तसाच असेल, तर अजून कुप्या मागवण्यापेक्षा श्वासाकडे वळावे.

कारण टोके पुन्हा फुटतात. त्याला काही दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढा काळ मध्यपटलाचे काम कुणीतरी करायचे असते. आधी पापण्या, मग डोळ्यांच्या हालचाली, गिळणे, मान, आणि मग श्वास, असा हा लकवा खाली उतरतो. मान उचलता येईना की समजावे, हाताशी वेळ थोडा आहे. एका दमात आकडे मोजायला सांगावे, ज्या भाषेत येत असतील त्या भाषेत. दर वेळी आकडा घटत असेल, तर रुग्णाला डाव्या कुशीवर घ्या, घशातली लाळ ओढून काढा आणि अंबू बॅग हातात घ्या.

पुढे पाठवायचे म्हणजे देवगोई घाट उतरून अक्कलकुवा, तिथून तळोदामार्गे नंदुरबार. पावसात दरडी पडणाऱ्या या रस्त्यावर नुसती चिठ्ठी देऊन रुग्ण गाडीत घालणे म्हणजे त्याला वाटेतच सोडणे. सोबत बॅग दाबू शकणारा माणूस हवा. आमची आग्रहाची सूचना आहे की प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका, वाहनचालक आणि शिपाई यांच्याकडून दर महिन्याला पुतळ्यावर हा सराव करून घ्यावा. पाड्यावरच्या भगतालाही झिडकारू नये. रुग्ण आधी त्याच्याकडे जातो, आणि पडलेली पापणी ओळखायला त्याला शिकवणे मुळीच अवघड नाही.

साधने तोकडी आहेत हे खरे. पण डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र पाहिले. विष स्वायत्त चेतासंस्थेला कसे पेटवते ते ओळखले आणि प्राझोसिनची साधी गोळी जगापुढे ठेवली. खाटेजवळ बसून केलेला शरीरक्रियेचा विचार मोठ्या इमारतीसाठी थांबत नाही. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेल्याचा अंदाज आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कृती आराखड्याने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. ते निम्मे होतील ते मोलगीसारख्या ठिकाणी.

शेवटी एक गोष्ट, जी विसरली की हातून गुन्हा घडतो. पूर्ण लकव्यात बाहुल्या रुंदावतात, उजेडाला दाद देत नाहीत, बोट हलत नाही. पाहणाऱ्याला मेंदू संपला असे वाटते. पण हे विष मेंदूच्या आतवर पोचत नाही. रुग्ण ऐकतो, त्याला दुखते, भीती वाटते. त्याच्यासमोर ‘आता काही राहिले नाही’ असे कुणी म्हणू नये. बॅग दाबताना त्याला नावाने हाक मारा, सुई टोचण्याआधी सांगा, आणि त्याच्या आईला किंवा भावाला उशाशी बसवून त्यांच्या बोलीत बोलू द्या. त्याला उत्तर देता येत नाही, एवढेच.