साहित्य मंडळाला सर्व्हर कशाला?

‘सर्व्हर’ हा शब्द ऐकला की आपल्या मंडळातले निम्मे लोक आयटीवाल्यांकडे बोट दाखवतात. आपण कविता वाचायच्या, अंक काढायचा, आणि तो पुढे कुठे राहतो ते दुसऱ्या कुणीतरी बघायचं, असं जणू ठरूनच गेलं आहे. मला हे पटत नाही. जे अंक काढतात त्यांना तो सांभाळताही आला पाहिजे, आणि त्यासाठी एक जुना डेस्कटॉप पुरतो.

आज परिस्थिती काय आहे? ई-अंकाची पीडीएफ कुणा संपादकाच्या वैयक्तिक ड्राइव्हवर असते आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. संपादक पास आऊट होतो, त्याचं अकाउंट भरतं किंवा बंद होतं, आणि लिंक दाबली की परवानगी मागायला सांगितलं जातं. जुन्या छापील अंकांचे तर आणखी हाल. ते पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये जुळवलेले. सीडी सापडली तरी नव्या लॅपटॉपवर फाइल उघडत नाही. कशीबशी उघडून मजकूर वर्डमध्ये आणला तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण ते फाँट युनिकोडचे नाहीत.

गोव्यात मराठी शिकणाऱ्यांना हे नवं वाटायला नको. १५५६ साली जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात छापखाना आला, भारतातला पहिला. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापलं गेलं आणि १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघालं. या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही छापील प्रत आज हाताशी नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. अशा प्रतींवरूनच जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो रोमी लिपीत छापला. देवनागरीतलं एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात मिळालं. म्हणजे आपल्याकडे छापखाना सगळ्यांच्या आधी आला, तरी पुस्तक टिकलं ते वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या लोकांनी प्रती ठेवल्या म्हणून. आपल्या अंकाची मात्र एकच प्रत, तीही एकाच माणसाच्या पासवर्डमागे!

आता मशीनकडे येते. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एकाच कॉम्प्युटरचे अनेक कॉम्प्युटर करणं. एका वाड्यात तीन बिऱ्हाडं राहावीत, प्रत्येकाचं दार वेगळं, कुणाचा पसारा दुसऱ्याच्या खोलीत नाही, तसं. मी घरी हे एका जुन्या आय-फाइव्ह डेस्कटॉपवर चालवते. रॅम १६ जीबी केली आणि एक एसएसडी बसवली. बाकी सगळं जुनंच.

त्यावर प्रॉक्समॉक्स आहे. ही डेबियन लिनक्सवर उभी असलेली मुक्त प्रणाली, फुकट वापरता येते. आधी बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करायचं, कारण पुष्कळ मशीनमध्ये ते बंद असतं. मग पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल. इन्स्टॉलर निवडलेली डिस्क पूर्ण पुसतो, त्यामुळे तिच्यावर काही ठेवायचं असेल तर आधीच काढून घ्यायचं. वायफायवर विसंबू नये, राउटरला केबल लावावी. एकदा आयपी पत्ता ठरला की त्या मशीनला मॉनिटर आणि कीबोर्डही लागत नाही. शेजारच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमधून सगळं चालतं.

माझ्याकडे तीन बिऱ्हाडं आहेत. पहिल्यात एक साधी वेबसाइट, घरच्या नेटवर्कपुरती, जिथे अंक वर्षाप्रमाणे लावलेले आहेत. दुसऱ्यात टेसरॅक्ट. स्कॅन केलेल्या पानांवरचा मराठी मजकूर ओळखून ते शोधता येईल अशी अक्षरं देतं. जोडाक्षरांत चुका होतात, मुद्रितशोधन आपल्यालाच करावं लागतं. तिसऱ्यात विंडोज एक्सपी आणि पेजमेकर, दोन्ही जुन्या मूळ सीडीवरून. एक्सपीला डिस्क आयडीई प्रकारची द्यावी लागते, नाहीतर त्याला ती दिसतच नाही. आणि त्याचं नेटवर्क पूर्ण तोडलेलं आहे, कारण इतकी जुनी विंडोज इंटरनेटला जोडणं धोक्याचं. पण त्या खिडकीत जुना अंक जसा जुळवला होता तसाच उघडतो, रकान्यांसकट. तिथून पीडीएफ काढली की तो कुणालाही वाचता येतो.

यावर मंडळातले आक्षेप मला माहीत आहेत. क्लाउड असताना हे कशाला? क्लाउड ठेवाच, पण तीच एकमेव प्रत नको. विजेचं काय? मशीन सरासरी ४० वॅट घेतं असं धरलं, तर अहोरात्र चालवून महिन्याला साधारण २९ युनिट होतात. रात्री बंद ठेवलं तर आणखी कमी. पावसाळ्यात लाईट जाते म्हणून छोटा यूपीएस मात्र हवाच. बिघडलं तर? प्रॉक्समॉक्स ठरल्या वेळी प्रत्येक बिऱ्हाडाचा बॅकअप घेतं. तो वेगळ्या डिस्कवर गेला पाहिजे. त्याच डिस्कवरचा बॅकअप डिस्कबरोबरच जातो.

सगळ्यांत खरा आक्षेप चौथा आहे: मी पास झाल्यावर हे कोण बघणार? लिंकचं जे झालं तेच सर्व्हरचंही होऊ शकतं. म्हणूनच हे एका हौशी मुलीचं काम राहू नये. मराठीचे विद्यार्थी पाठचिकित्सा शिकतात, कुठली प्रत जुनी, कुठे पाठभेद, कुणी उतरवली, हे परीक्षेत लिहितात. तीच नजर आपल्या अंकाकडे लावायची आहे. ज्यांना ओवीचे चरण मोजता येतात त्यांना ब्राउझरमधली चार बटणं जड जाणार नाहीत.

तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी माझी मागणी अशी. लॅबमधून मोडीत निघणाऱ्या मशीनपैकी एक कॉलेजकडून मागून घ्यावं. संपादकाबरोबर दरवर्षी एक संग्रहपाल नेमावा, आणि जुन्याने नव्याला निदान एक महिना सोबत घेऊन शिकवावं. सगळी कृती, पासवर्ड कुठे ठेवलेत ते धरून, मराठीत लिहून वाचनालयाच्या कपाटात कागदावर ठेवावी. प्रत्येक अंकाच्या तीन प्रती असाव्यात: सर्व्हरवर, बाहेरच्या डिस्कवर आणि क्लाउडवर. आणि हो, वाचनालयासाठी एक छापून बांधलेलीही.

सीडी दरवर्षी खराब होत चालल्या आहेत. त्या कुणाच्या घरी असतील तर या सत्रातच आणून द्या.