ढीग वाढला म्हणून माहिती खरी होत नाही



माहिती भरपूर असली की तिच्यातील चुका कृत्रिम बुद्धिमत्ता सांभाळून घेते, हे विपणनावरील लेखातील (मागील अंक) विधान दिशाभूल करणारे आहे.

पहिला मुद्दा आकाराचा. १९३६ मध्ये अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने २० लाखांहून अधिक उत्तरे जमवून लँडन निवडून येणार असे सांगितले. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. ज्यांना विचारले त्यांची नावे प्रामुख्याने टेलिफोन डिरेक्टरी व मोटारमालकांच्या याद्यांतली, म्हणजे त्या काळच्या सधनांची होती. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप यांनी कितीतरी छोट्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला.

दुसरा मुद्दा, यंत्र चूक ओळखते या समजाचा. मी एका वितरकाकडे ग्राहकांच्या नोंदी सांभाळतो. एकाच बाईंची नोंद आद्याक्षरांनी, पूर्ण नावाने आणि माहेरच्या आडनावाने, अशी तीनदा होती. दर महिन्याला येणाऱ्या या ग्राहकाला संगणकाने तीन तुरळक खरेदीदार ठरवले आणि ‘परत या’ म्हणून तीन सवलती पाठवल्या.

तिसरा, नोंदी दुरुस्त करणे हा वायफळ खर्च आहे या समजाचा. माझ्या दिवंगत वडिलांच्या नावाने एका कंपनीकडून दरवर्षी वाढदिवसाची सवलत येते. तो संदेश आई वाचते. हे नुकसान कोणत्या खात्यात मांडायचे?

शिवाय व्यक्तीवर परिणाम करणाऱ्या निर्णयासाठी वापरायची माहिती पूर्ण, अचूक व सुसंगत ठेवण्याची जबाबदारी २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कंपन्यांवरच टाकली आहे. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

आधी नोंदी तपासा, मग यंत्र आणा.

— एक वाचक, नाशिक